नागपूर ते डॅलस : आई-बाबांसाठी बिझनेस क्लास, कोणती एअरलाईन घ्यावी?

काळीमाती

नमस्कार मंडळी. मी दारव्ह्याजवळच्या एका गावात राहतो, कापूस-तूर करतो. धाकटी बहीण अमेरिकेत डॅलसला असते. दिवाळीनंतर तिचं पहिलं बाळंतपण आहे आणि आई-बाबा दोघंही तिच्याकडे जाणार आहेत. व्हिसा हातात आलाय, आता तिकिटाचं पाहून राहिलो आहे.

आईचा उजवा गुडघा बदललेला आहे, डावाही आता साथ देत नाही. बाबांना शुगर, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. यवतमाळहून पुण्याला ट्रॅव्हल्सनं गेलं तरी आईच्या पायाची सूज दुसऱ्या दिवशीही उतरत नाही. म्हणून बहीण-जावयांनी ठरवलंय, दोघांना बिझनेस क्लासनंच आणायचं. पैसे तेच देणार आहेत. बाबांना मात्र पटत नाही. एवढ्यात विहिरीवर सोलर पंप बसून वर पैसे उरतील, असं त्यांचं म्हणणं. त्यांची समजूत घालायचं काम माझ्याकडे आणि एअरलाईन निवडायचंही माझ्याकडेच.

व्हिडिओ बघितले तर त्यात जेवणाची ताटं, शॅम्पेन आणि लाउंजची सजावट. आम्हाला त्यातलं काही नको. पूर्ण आडवं झोपता येतं का, दोघं एकमेकांच्या हाताशी राहतात का, विमान किती वेळा बदलावं लागतं आणि बदलताना किती चालावं लागतं, एवढंच जाणून घ्यायचं आहे. सध्या नजरेसमोर नागपूरहून कतार, मुंबईहून एमिरेट्स, लुफ्थान्सा किंवा ब्रिटिश एअरवेज, आणि दिल्लीमार्गे एअर इंडिया आहे. ज्यांनी घरच्या म्हाताऱ्या माणसांना पाठवलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

तिकीटघर

अमरावतीत तिकिटांचंच काम करतो, त्यामुळे सविस्तर लिहितो.

बिझनेस क्लास म्हटलं की सगळीकडे सारखाच मिळतो असं लोक धरून चालतात. तसं नाही. एकाच कंपनीच्या दोन विमानांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. म्हणून आधी विमान कोणतं ते बघायचं, कंपनीचं नाव नंतर.

कतारचं क्यूस्वीट, म्हणजे त्यांची दारवाली बिझनेस केबिन, २०१७ साली आलं. रचना १-२-१, म्हणजे दोन्ही खिडक्यांशी एकेक सीट आणि मध्ये दोन; प्रत्येकाला थेट मार्गिकेत उतरता येतं, कुणाला ओलांडावं लागत नाही. सीटला सरकतं दार आहे, आणि मधल्या ज्या दोन सीट एकमेकींना चिकटून आहेत त्यांच्यामधला पडदा खाली केला की जोडपलंग होतो. पण हे त्यांच्या सगळ्या विमानांत नाही. बोइंग ७७७ आणि एअरबस ए३५० यांच्यातल्या बऱ्याच विमानांत आहे, जुन्या ७८७-८ मध्ये नाही. तिथेही सीट आडवी होते, पण दार नाही आणि जोडपलंगही नाही.

एमिरेट्सचं ए३८० उत्तम, १-२-१. पण त्यांच्या न बदललेल्या ७७७ विमानांत अजून २-३-२ अशी रचना आहे. खिडकीशी बसणाऱ्याला उठायचं झालं तर शेजारच्याचे पाय ओलांडून जावं लागतं. ही विमानं ते हळूहळू १-२-१ करत आहेत, त्यामुळे तुमच्या तारखेला कोणतं येईल ते सीटचा नकाशा उघडूनच कळतं.

लुफ्थान्साची अलेग्रिस नावाची नवी केबिन मे २०२४ मध्ये म्युनिकहून सुरू झाली. फ्रँकफर्टच्या बऱ्याच जुन्या विमानांत २-२-२ आहे. ब्रिटिश एअरवेजचं दारवालं क्लब स्वीट २०१९ चं, तेही सगळीकडे पोचलेलं नाही. युरोपमार्गे जायचं तर ट्रान्झिट व्हिसाची भीती नको. चालू अमेरिकन व्हिसा असला की फ्रँकफर्टला आणि लंडनला विमानतळाच्या आतून विमान बदलायला भारतीयांना वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागत नाही.

एअर इंडियानं दिल्ली–न्यूयॉर्कवर नोव्हेंबर २०२४ पासून ए३५० लावलं. त्यात बिझनेसच्या २८ सीट, दारासह, १-२-१. जुन्या ७७७ मध्ये बसलेल्या माणसाचं मत ए३५० ला लावू नका, आणि उलटही करू नका. एक लक्षात घ्या, एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केल्यापासून एअर इंडियाच्या अमेरिकेच्या फेऱ्या लांबल्या आणि काही फेऱ्यांना वाटेत युरोपात इंधनासाठी उतरावं लागलं. तिकीट काढायच्या दिवशी त्या फेरीला एकूण किती तास दाखवतात ते जरूर बघा.

सातपुडा

मी धारणीकडचा, शाळेत शिक्षक. थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नये.

बिझनेसचं भाडं इकॉनॉमीच्या तिप्पट-चौपट पडतं. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून इकॉनॉमी सोडून बाकी वर्गांवर जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला. इकॉनॉमीवर तो ५ टक्केच आहे. बहिणीचं बाळंतपण तिकडे म्हणजे दवाखान्याचा खर्चही तिकडचाच. प्रीमियम इकॉनॉमीचा विचार का करू नये? एअर इंडियाच्या ए३५० मध्ये आहे, एमिरेट्सच्या काही विमानांत आहे, लुफ्थान्सातही आहे. सीट रुंद असते, पाय पसरता येतात. काकांचं सोलर पंपाचं गणित मला अगदी योग्य वाटतं. पैसा मुलीचा असला तरी तो कष्टाचाच आहे.

वैनगंगा

सातपुडा सर, तुमची तळमळ समजते. पण मी भंडाऱ्यात फिजिओथेरपी करते आणि गुडघे बदललेली माणसं रोज हाताखालून जातात, म्हणून लिहिते.

प्रीमियम इकॉनॉमीत पाय पुढे जातात, वर येत नाहीत. सूज येते ती पाय तासन् तास खाली लोंबकळत राहिल्यामुळे. दोहा–डॅलस हा टप्पा सुमारे सोळा तासांचा आहे. एवढा वेळ गुडघा वाकवून बसल्यावर उतरताना तो सरळ करणं हाच एक वेगळा त्रास असतो. आडवं होता आलं की पाय हृदयाच्या पातळीला येतात. काकूंसाठी बिझनेसचा खरा उपयोग हा आहे, बाकी सगळं वरकड.

आडवं होता येतं म्हणून सोळा तास झोपून राहायचं मात्र नाही. पायातल्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका झोपून राहिल्यानंही असतोच. जागं असताना तासा-दीड तासानं उठून मार्गिकेत दोन चकरा मारायच्या, बसल्या जागी घोटे वर-खाली हलवायचे, पाणी पीत राहायचं. दाबाचे मोजे घालायचे का, हे त्यांच्या हाडाच्या डॉक्टरांना विचारा. मापाचे नसतील तर उलट काचतात.

ए३५० आणि ७८७ मध्ये आतल्या हवेचा दाब सुमारे ६००० फुटांवर असतो तसा ठेवतात, जुन्या विमानांत तो ८००० फुटांपर्यंत जातो. नव्या विमानात घसा कमी कोरडा पडतो, थकवाही कमी येतो. दोन पर्याय सारखेच वाटले तर या मुद्द्यावर ए३५० निवडा.

ज्वारीचं_कणीस

भाऊ, मी अकोटचा. सीट-बीट मंग पाह्यजा, आंधी तिकीट येकच काढजा.

मांगच्या साली आमच्या माय-बापाले पाव्हन्यानं तिकीट काढून देल्लं. नागपूर-मुंबई येगळं आन् मुंबईहून पुढचं येगळं. नागपूरचं इमान लेट झालं, मुंबईले पोचेपर्यंत पुढचं उडून गेल्तं. पयल्या कंपनीनं म्हटलं, आमी मुंबईले आनलं, आमचं काम झालं. दुसरीनं म्हटलं, तुमी येळेवर आले नाई. दोगंही बिचारे रातभर विमानतळावर बसून होते, आन् नवीन तिकिटाचे पैशे गेले ते गेलेच. येकच तिकीट असलं असतं त पुढच्या इमानात बसवून द्याची जिम्मेदारी कंपनीची राह्यते.

तिकीटघर

ज्वारीचं कणीस यांनी लाखमोलाची गोष्ट सांगितली. त्यात सामानाचीही भर घाला. अमेरिकेच्या बिझनेस तिकिटावर साधारण ३२ किलोचे दोन नग माणशी मिळतात. वेगळ्या देशांतर्गत तिकिटावर १५ किलो. बाळंतिणीचं सामान घेऊन निघालेल्या माणसाला मुंबईच्या काउंटरवर जादा वजनाचे पैसे भरताना मी पाहिलंय.

हाच मुद्दा आमच्या अमरावतीच्या बेलोरा विमानतळाला लागू आहे. एप्रिल २०२५ मध्ये अमरावती–मुंबई विमान सुरू झालं याचा आम्हा सगळ्यांना आनंद आहे. पण छोटं एटीआर विमान, रोजची फेरी नाही, आणि पुढच्या तिकिटाला जोडलेलं नाही. आंतरराष्ट्रीय प्रवासाचा पहिला टप्पा म्हणून म्हाताऱ्या माणसांना त्यात बसवू नये, असं मी माझ्या गिऱ्हाइकांना सांगतो.

काळीमाती

सर्वांचे आभार. सातपुडा सर, तुमचा मुद्दा मी बाबांना वाचून दाखवला, ते खूष झाले! पण वैनगंगाताईंचाही वाचून दाखवला, आणि त्यावर ते काही बोलले नाहीत. आईचा पाय ते रोज बघतातच.

आता मुंबई आणि नागपूर यातलं ठरवायचंय. समृद्धी पूर्ण झाल्यापासून गावातले काही जण म्हणतात, कारंज्याला चढा आणि गाडीनं थेट मुंबईला सोडून या, तिथून एमिरेट्स घ्या, भाड्यात फरक पडतो. मला वाटतं, आधीच एवढा लांबचा प्रवास, त्याआधी दिवसभर गाडीत कशाला? नागपूर आम्हाला अडीच-तीन तासांवर. पण नागपूर–दोहाचं विमान छोटं आहे म्हणतात. त्यात बिझनेसचे पैसे देऊन काही मिळतं का?

परदेशी_पाखरू

मी मूळची वर्ध्याकडची, आता टेक्सासमध्येच असते. सासूबाई याच मार्गानं आल्या आणि परतही गेल्या, त्यामुळे मनापासून लिहिते.

नागपूर–दोहा हे एकाच मार्गिकेचं ए३२० आहे. त्यात बिझनेस २-२. काही विमानांत सीट पूर्ण आडवी होते, काहींत नुसती मागे रेलते. तेवढ्या चार-साडेचार तासांसाठी जीव टाकू नका. त्या टप्प्यात उपयोग होतो तो रांगेचा, सामानाचा आणि दोह्याला उतरल्यावर लाउंजचा. खरी झोप पुढच्या विमानात. नागपूरचं विमान पहाटेचं असतं, म्हणजे रात्रभर जागरण झालेलंच असतं. डॅलसच्या विमानात बसलं, थोडं खाल्लं आणि अंथरूण घालून मागितलं की सासूबाई गाढ झोपल्या होत्या.

नागपूरहून निघण्यातली सगळ्यात मोठी सोय मला वाटते ती इमिग्रेशनची. परक्या शहरात न जाता, आपल्याच विमानतळावर, आपल्याला सोडायला आलेली माणसं बाहेर उभी असताना ते होतं. काही अडलं तर फोन करून विचारता येतं. मग फक्त दोह्याला एकदा बदल, आणि थेट डॅलस. न्यूयॉर्कमार्गे गेलात तर अमेरिकेत पहिल्यांदा जिथे उतरता तिथेच इमिग्रेशन होतं, पट्ट्यावरून बॅगा उचलून पुन्हा द्याव्या लागतात आणि मग डॅलसचं विमान धरावं लागतं. सोळा-सतरा तासांनंतर इंग्रजीत सूचना ऐकत हे सगळं करणं वयस्कर माणसांना फार जड जातं. एअर इंडियात हिंदी बोलणारे कर्मचारी असतात, त्याचा आधार फार मोठा असतो हे मी मान्य करते. पण तो आधार विमान उतरेपर्यंतचाच.

एतिहादबद्दल कुणी लिहिलं नाही. अबू धाबीला अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच होऊन जातं, अमेरिकेत उतरल्यावर थेट बाहेर. शिकागो किंवा न्यूयॉर्कला मुलं असणाऱ्यांनी त्याचा जरूर विचार करावा. डॅलसला त्यांचं विमान नाही, म्हणून तुमच्यासाठी मी सुचवत नाही.

व्हीलचेअर दोघांसाठीही तिकीट काढतानाच मागा. ती कोणत्याही वर्गात फुकट असते, बिझनेसचा त्याच्याशी संबंध नाही. काका म्हणतील मला चालता येतं, तरी मागा. दोह्याचं विमानतळ प्रचंड आहे आणि अमेरिकेच्या विमानासाठी पुन्हा एकदा तपासणी होते. व्हीलचेअरवाला माणूस बरोबर असला की दोघं चुकत नाहीत, खरा फायदा तो.

काळीमाती

ताई, फार उपयोगी लिहिलंत. सीट कोणत्या घ्याव्यात? बाबांना इन्सुलिन आई देते. डोळ्यांमुळे त्यांना पेनचे आकडे दिसत नाहीत. म्हणून दोघं शेजारी हवीतच.

परदेशी_पाखरू

मग खिडकीच्या सीट अजिबात नकोत, मधल्या जोडीच्याच घ्या. क्यूस्वीटमध्ये एक रांग पुढे तोंड करून, एक मागे तोंड करून असते. पुढे तोंड असलेल्या मधल्या दोन सीटमध्ये अंतर आहे. चिकटून असलेल्या जोडीच्या सीट मागे तोंड असलेल्या रांगेत येतात. विमान उडताना आणि उतरताना थोडं वेगळं वाटतं, एरवी जाणवत नाही. सासूबाईंना आधी सांगून ठेवलं होतं म्हणून त्या घाबरल्या नाहीत. दार लावायलाच पाहिजे असं नाही, उघडंच ठेवायला सांगा, म्हणजे कर्मचाऱ्यांचंही लक्ष राहतं.

जेवणाच्या बाबतीत शुगरच्या माणसाला कतारची पद्धत सोयीची. बिझनेसमध्ये ठरावीक वेळेला ट्रॉली येत नाही, मागाल तेव्हा जेवण देतात. इन्सुलिन आणि जेवण यांचा मेळ घालता येतो.

वैनगंगा

इन्सुलिनबद्दल एकच सांगते, पण ते काटेकोर पाळा. सगळं इन्सुलिन हातातल्या पिशवीत. खाली टाकायच्या बॅगेत थंडीनं गोठू शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन कामाचं राहत नाही. डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी, औषधाच्या नावासह, बरोबर हवी. आणि घड्याळ साडेदहा-साडेअकरा तास मागे जाणार आहे, तेव्हा प्रवासाच्या दिवशी डोस कधी आणि किती, हे निघण्याच्या आधीच डॉक्टरांकडून मराठीत कागदावर लिहून घ्या. विमानात बसून अंदाजानं ठरवू नये. साखरेच्या पुड्या खिशात.

सातपुडा

काळीमाती, मी माझं मत बदलतो असं नाही, धडधाकट माणसांसाठी ते अजूनही तेच आहे. पण इन्सुलिन आणि गुडघा दोन्ही असताना एका बदलात पोचणं आणि आडवं होता येणं याला पर्याय नाही, हे मला पटलं. एक सुचवतो : जाताना बिझनेस आणि येताना साधं, असं करता येईल का? येताना घाई नसते, तब्येतही बघून ठरवता येईल.

तिकीटघर

करता येतं, एकाच तिकिटावर जाताना-येताना वेगवेगळा वर्ग घेता येतो. पण येतानाही तोच गुडघा आणि तेवढेच तास आहेत. मी तरी सुचवणार नाही. पैसे वाचवायचेच असतील तर तारखा पुढे-मागे करून बघा, दिवाळी आणि नाताळ टाळा. त्यानं जास्त वाचतात.

दोन धोके सांगून ठेवतो. पहिला, बिझनेसमध्येही ‘लाइट’ नावाचं स्वस्त भाडं असतं. त्यात सीट आधी निवडणं आणि लाउंज नसू शकतं. तुमचं सगळं गणितच मधल्या दोन सीटवर उभं आहे, तेव्हा ते भाडं घेऊ नका. दुसरा, विमान ऐनवेळी बदलतं. नकाशात क्यूस्वीट दिसलं तरी त्या दिवशी दुसरं विमान लागू शकतं, त्याची भरपाई मिळत नाही. वर्गच खाली केला तर मात्र मिळते. आपल्या डीजीसीएच्या (विमान वाहतुकीवर देखरेख करणारं सरकारी खातं) फेब्रुवारी २०२३ पासूनच्या नियमानं, भारतातून सुटणाऱ्या आंतरराष्ट्रीय टप्प्यावर प्रवाशाच्या इच्छेविरुद्ध खालच्या वर्गात बसवलं तर अंतराप्रमाणे तिकिटाच्या ३० ते ७५ टक्के रक्कम परत करावी लागते. काउंटरवर सही मागितली तर वाचल्याशिवाय करू नका.

आखाताकडे तणाव असला की वेळापत्रक हलतं. २३ जून २०२५ ला कतारची हवाई हद्द अचानक बंद झाली तेव्हा बरेच प्रवासी अडकले होते. म्हणून पुन्हा तेच : एक तिकीट, एक कंपनी. तिकिटाच्या नोंदीत बहिणीचाही फोन नंबर टाका, म्हणजे बदलाचा निरोप दोन्हीकडे जाईल.

काळीमाती

काल रात्री बहिणीशी बोलून ठरवलं. नागपूर–दोहा–डॅलस, कतार, जाताना-येताना बिझनेस, लाइट नाही. मधल्या चिकटलेल्या दोन सीट मिळाल्या. व्हीलचेअर दोघांसाठी. बाबांसाठी मधुमेहींचं जेवण मागणार होतो, पण त्यांना अंडंही चालत नाही, म्हणून दोघांसाठी एशियन व्हेजिटेरियन नोंदवलं आणि भात-गोड त्यांनीच टाळायचं असं ठरलं. गाडी संध्याकाळी कारंज्याहून समृद्धीला लावू, नागपूरला मावशीकडे जेवण, तिथून विमानतळ. समृद्धीवर रात्री उशिरा गाडी चालवायची नाही.

आता सामान. आईनं डिंकाचे लाडू, अळीव, शतावरी, हळद, घरचं तिखट असं सगळं काढून ठेवलंय. संत्र्यांची पेटीही न्यायची म्हणते.

परदेशी_पाखरू

संत्री मुळीच नाहीत. ताजी फळं, पेरण्याचं बी, मांस काही चालत नाही. सापडलं तर काढून घेतात आणि सांगितलेलं नसेल तर दंडही होतो. लाडू आणि मसाले न्या, पण खाण्याचे पदार्थ आहेत असं विचारल्यावर स्पष्ट सांगायचं. काकूंना तेवढं इंग्रजी वाक्य कागदावर लिहून द्या.

हळद, तिखट, शतावरीची पूड हे सगळं खालच्या बॅगेत. अमेरिकेच्या विमानात साधारण ३५० ग्रॅमच्या वर पूड हातातल्या पिशवीत असली तर अडवतात. आणि बॅगेवर बाहेरून बहिणीचं नाव, तिकडचा पत्ता, फोन मोठ्या अक्षरांत.

डॅलसला आंतरराष्ट्रीय विमानं टर्मिनल डीला येतात. बहिणीला तिथेच उभं राहायला सांगा. व्हीलचेअरवाला माणूस बॅगा उचलून दोघांना बाहेर तिच्यापर्यंत आणून सोडतो. काकांच्या खिशात पाच-पाच डॉलरच्या चार नोटा सुट्या ठेवा, त्या माणसाला द्यायला.